लाकडी वर्ष

गोळी कॉफीच्या मोठ्या पिंपातून आरपार गेली, चर्चच्या जेवणघराच्या फळीतून बाहेर पडली आणि आवारात उभ्या असलेल्या डीकन ओडेलच्या गाडीच्या मागच्या चाकात जाऊन थांबली. चाक सावकाश, सुस्कारा सोडत बसलं. मग सगळी मंडळी गुडघ्यांवर आली आणि देवाचे आभार मानू लागली.

"प्रभो, तू हात घातलास!" चर्चचा कारभार पाहणारा डीकन ओडेल ओरडला. त्याला अजून चाकाचं कळलं नव्हतं.

"घातलास रे बाबा, घातलास!" मागून उत्तर आलं.

ओर्फा गेहार्ट मात्र उभीच राहिली. ती पिंपाशेजारी होती, हातात रिकामा कप, आणि कढत कॉफीची धार तिच्या एप्रनवरून डाव्या बुटात उतरत होती. वय सहासष्ट. देवावर तिची माया एवढी की भांडी घासतानासुद्धा ती त्याच्याशी बोलायची, आणि तो ऐकतोय याबद्दल तिला कधी शंका आली नाही. पण त्याने हातातली सगळी कामं टाकून केंटकीच्या डोंगरात, लिक फोर्कच्या खोऱ्यात यावं आणि बंदुकीच्या नळीपुढे कॉफीचं पिंप सरकवावं, हे तिच्या मनाला पटेना. पिंप तिनेच तिथे ठेवलं होतं.

बंदूक होती तिच्या धाकट्या भावाच्या हातात. धाकटा म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचा हर्शेल. त्या चर्चचा उपदेशक, आणि गेली बावीस वर्षं हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या शनिवारी गावातल्या मुलांना बंदूक सांभाळून कशी हाताळावी हे शिकवणारा गुरुजी. गोळी सुटली ती तोच धडा चालू असताना. नेमकं सांगायचं तर दुसऱ्या नियमावर.

त्या चर्चमध्ये उपदेश बोलण्याची रीत नाही, गाण्याची आहे. पुढच्याने ओळ द्यायची, मागच्यांनी ती लांबवत, वळणं घेत उचलायची. आणि ओळ द्यावी ती हर्शेलनेच. पहिली दहा मिनिटं तो चारचौघांसारखा बोलायचा, हवापाण्याचं, गुडघ्यांच्या दुखण्याचं. मग घशात कुठेतरी दार उघडावं तसा आवाज वर चढायचा, डोळे मिटायचे, एक हात कानामागे जायचा आणि दुसरा लोकांवरून फिरायचा. त्या हातातच अर्धी कृपा आहे असं बायका म्हणायच्या. ओर्फाला तर लहानपणापासून देव जो भेटला तो त्या आवाजातच भेटला.

बंदुकीचे नियमही हर्शेलने त्याच चालीत बसवले होते. "प्रत्येक बंदूक भरलीच समजावी…" ही पहिली ओळ. "ज्याला मारायचं नाही त्याच्यावर नळी नको…" ही दुसरी. मुलं ओळ उचलायची, मोठी माणसं मान डोलवायची, आणि हर्शेलचे डोळे मिटलेले असायचे. रायफल ज्या हातात असेल तोच हात कानामागे जायचा, कारण दुसरा लोकांकडे पसरायला मोकळा लागे. नंतर हात बदलायचे. मग रायफल लोकांवरून फिरायची; "नळी नको" म्हणताना पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकेकाच्या छातीवरून ती जायची, आणि ज्याच्यावरून जायची तो "आमेन" म्हणायचा. बोट चापाबाहेर ठेवावं, हा तिसरा नियम. त्या शनिवारी तिथवर गाडी पोचली नाही.

"मी गोळ्यांचं मॅगझीन काढलं होतं," हर्शेल पांढराफटक पडून म्हणत होता. "ताई, देवाशपथ, मॅगझीन काढलं होतं."

"तुझा काय दोष, बंधू हर्शेल?" डीकन ओडेलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बंदूक सुटली."

हे मात्र त्या खोऱ्याच्या इतिहासाला धरून होतं. लिक फोर्कमध्ये आजवर कुणीही चुकून गोळी झाडलेली नाही. बंदुकाच आपापल्या सुटतात. ओडेलच्या सासऱ्याच्या पायाची करंगळी अशीच एका सुटलेल्या बंदुकीने नेली, एकदा एक चालू फ्रीज गेला, एकदा एक सज्जन गाय गेली. माणसं बिचारी शेजारी उभी असतात.

संध्याकाळी जेवणघर पुसायला ओर्फा आणि हर्शेलची नात टॅन्सी अशा दोघीच उरल्या. टॅन्सी दहा वर्षांची, दोन वेण्यांची, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं वळण लावलेली. तिला विचारायला पाहिजे हे बहुतेकांच्या ध्यानात येत नसे.

"घाबरलीस का गं?" ओर्फाने विचारलं.

"नाही. मी वाकले होते."

"गोळी सुटल्यावर?"

"आधी. दुसऱ्या ओळीला आम्ही सगळेच वाकतो, ओर्फाआजी." टॅन्सीने फडकं पिळलं. "गाण्यातलीच रीत आहे ना ती? मोठ्या मुलांनी शिकवली आम्हाला."

ओर्फा खाली बसली. दर वर्षी दुसऱ्या ओळीला आठ-दहा मुलं एकदम कमरेत वाकतात हे तिनेही पाहिलं होतं. सगळ्या चर्चने पाहिलं होतं. केवढी नम्रता, असं म्हणत बायकांनी डोळे टिपले होते.

रात्री हर्शेलच्या मुलीचा, लुरीनचा फोन आला. ती शहरात इस्पितळात परिचारिका. टॅन्सीला तिने आठवडाभर आजोबांकडे ठेवलं होतं, कारण येत्या शनिवारी हंगाम उघडणार आणि टॅन्सीची पहिली शिकार आजोबांबरोबर व्हायची, हे वर्षभर ठरलेलं.

"आत्या, खरं काय झालं ते मला सांग. बाबांना विचारलं तर ते देवाचं सांगतात."

ओर्फाने सांगितलं.

"माझ्याकडे गोळी लागलेली माणसं येतात, आत्या. प्रत्येकाबरोबर एकजण असतो, मॅगझीन काढलं होतं म्हणणारा." लुरीनचा आवाज लहान झाला. "बाबांना नाही म्हटलं तर ते मोडून पडतील. आणि पाठवलं तर… तू सांग. तुझा शब्द मी मानीन. पाठवू का पोरीला?"

"बुधवारी सांगते," ओर्फा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार. हर्शेल त्या दिवशी जे गायला, तसं तो दहा वर्षांत गायला नव्हता. विषय होता कॉफीचं पिंप. देवाने पिंप कसं घडवलं, कसं भरलं, कसं नेमक्या जागी आणून ठेवलं. ओर्फाच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि रुमाल शोधताना तिला स्वतःचाच राग आला. तिसऱ्या कडव्याला तर तिनेही मोठ्याने ओळ उचलली.

सोमवारी ती लंगडत भावाच्या घरी गेली. त्याच्या टेबलावर केक मांडलेले होते. त्याच्या मनाला धक्का बसला म्हणून खोऱ्यातल्या बायकांनी सात केक पाठवले होते.

"ये ताई, बस. केक खा."

"माझ्या पायाला फोड आलेत. माझा केक कुठला?"

"तुला भाजलं?" हर्शेलला खरोखरच माहीत नव्हतं. तो उठून मलम शोधायला लागला. माणूस मनाचा लोण्यासारखा.

"मलम राहू दे. हर्शेल, शनिवारी बंदूक उघडून नळीत एखादी गोळी राहिलीय का ते बघितलं होतंस?"

"मॅगझीन काढलं होतं."

"ते नाही विचारलं."

"मॅगझीन काढलं की बंदूक रिकामीच असते, ताई."

"पिंपाला सांग."

हर्शेलने मलमाची डबी टेबलावर ठेवली. "बावीस वर्षं शिकवतोय मी. सरकारचं सर्टिफिकेट आहे भिंतीवर."

"सर्टिफिकेटला हात नसतात. तुला आहेत, आणि गाताना ते तुझ्या ताब्यात नसतात."

"ते देवाच्या ताब्यात असतात."

"मग बंदूक आधी खाली ठेवावी आणि मग द्यावेत त्याच्या ताब्यात!"

"ताई," हर्शेल दुखावून म्हणाला, "मला बंदूक काही दुकानातून नाही मिळाली. बाबांनी हातात दिली. लाकडी वर्ष पुरं करून घेतली मी. आणि साक्षीदार कोण होतं? तूच ना?"

ओर्फाने केकचा एक तुकडा तोंडात टाकला, तो तसाच घेऊन ती घरी आली.

लाकडी वर्ष ही त्या डोंगरातली जुनी रीत. हल्ली संगणकावर दोन तासांत परीक्षा होते, म्हणून ती मागे पडली. आठव्या वर्षी पोराच्या हातात बाप एक लाकडी बंदूक द्यायचा, खऱ्या वजनाची. ती वर्षभर वागवायची. गुरांमागे, ओढ्यावर, जेवताना, चर्चमध्ये. वर्षभरात तिचं तोंड एकदाही माणसाकडे वळता कामा नये. वळलं की वर्ष पुन्हा पहिल्यापासून. पाहायचं काम मोठ्या भावंडाचं. ओर्फाचं स्वतःचं लाकडी वर्ष सव्वादोन वर्षं चाललं होतं, आणि तिला त्याचा अभिमान होता.

हर्शेलचं वर्ष अकराव्या महिन्यापर्यंत स्वच्छ गेलं. मग एका दुपारी सोळा वर्षांची ओर्फा ओसरीवर घेवड्याच्या शेंगा निवडत बसलेली असताना आठ वर्षांच्या हर्शेलने लाकडी नळी तिच्या छातीवर रोखली आणि तोंडाने आवाज काढला, "ठो!" दुसऱ्या क्षणी त्यालाच कळलं. तो असा काही रडला की शेजारची कुत्री गप्प झाली. त्याच आठवड्यात चर्चमध्ये तो पहिल्यांदा ओळ द्यायला उभा राहिला होता आणि अख्खं चर्च रडलं होतं. अशा पोराला अजून एक वर्ष? महिना संपल्यावर बाबांनी विचारलं, "ओर्फा, झालं का गं याचं वर्ष?" आणि ओर्फा म्हणाली, "झालं."

एकच शब्द. त्यानंतर पन्नास वर्षांत ती दुसरं खोटं बोलली नसेल. बोललीच असली तर केकबद्दल.

आता पुन्हा तिला तेच विचारलं गेलं होतं, आणि पुन्हा एकाच शब्दात उत्तर द्यायचं होतं. मंगळवारी तिने मांसाला धुरी द्यायच्या खोलीतून, डुकराचं मांस टांगायच्या आकड्यांमागून, ती लाकडी बंदूक काढली. हिकरीच्या लाकडाची, दस्त्यावर बाबांच्या चाकूच्या खुणा. तिने ती पुसली आणि देवाला म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस आता. माझं मी निस्तरते."

बुधवारी दुपारी तिने जेवायला बोलावलं. घेवड्याचं कालवण, मक्याचा पाव, वर कांदा. हर्शेल आला, टॅन्सी आली, आणि वास लागल्यासारखा डीकन ओडेलही आला. चाकाबद्दल बोलायला आलो म्हणाला आणि ताट पुढे ओढलं.

"हर्शेल," जेवण उरकत आल्यावर ओर्फा म्हणाली, "शनिवारी पोरीचा धडा अर्धवट राहिला. इथेच पुरा कर ना. हातात ही घे."

लाकडी बंदूक पाहून हर्शेलच्या चेहऱ्यावर आठ वर्षांचं पोर येऊन गेलं. तो तिच्यावरून हात फिरवत राहिला. गळा साफ केला.

टॅन्सी कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. मांडीवर कॉफीचा रिकामा डबा, खिशात घेवड्याचे मूठभर कोरडे दाणे. ओर्फाने तिला सकाळीच शिकवून ठेवलं होतं: नळी कुणाही माणसावरून गेली की एक दाणा डब्यात.

"प्रत्येक बंदूक भरलीच समजावी…" हर्शेलने ओळ दिली. आवाज चढला, डोळे मिटले.

टण.

ओर्फाने आणि ओडेलने ओळ उचलली. टण. टण. हर्शेलच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. पोरगी ताल धरतेय असं त्याला वाटलं. त्याला अजून जोर आला. हात कानामागे गेला, टण, हात पसरला, टण टण, तो वळला, गिरकी घेतली, ओडेलने तोंडात घास असतानाच "आमेन!" म्हटलं, टण. तिसऱ्या नियमाला तर हर्शेल असा रंगला की स्टोव्हवरचं झाकण थरथरलं, आणि टॅन्सीला दाणे काढायला दोन्ही हात लागले. चौथ्याला, "हरणापाठी काय आहे ते आधी बघावं" या ओळीला, ओर्फा स्वतः गाता गाता रडत होती. आवाज तसाच होता. देव तसाच त्यात होता. आणि नळी तिच्या डाव्या डोळ्यासमोरून चालली होती.

टण.

हर्शेलने डोळे उघडले, कपाळ पुसलं. "वा! ताल छान धरतेस गं पोरी. काय वाजवत होतीस?"

"दाणे, आजोबा."

"कसले दाणे?"

टॅन्सीने ओर्फाकडे पाहिलं. ओर्फाने मान हलवली. "नळी कुणावर गेली की एक," टॅन्सी म्हणाली. "तेवीस झाले. माझ्यावर चार, ओर्फाआजीवर पाच, डीकनकाकांवर सहा."

"सहा?" ओडेलने चमचा खाली ठेवला.

"ते पंधरा झाले," हर्शेल म्हणाला. त्याचा आवाज साधा झाला होता. "उरलेले आठ?"

"तुमच्या स्वतःच्या कानावर."

हर्शेलने डब्यात वाकून पाहिलं. मग हर्शेलच्या मानेवरून लाली वर चढली. "हा कट आहे! तुम्ही मला जेवायला बोलावून… ओडेल, तूही?"

"मी चाकासाठी आलो होतो," ओडेल म्हणाला. "पण सहा म्हणजे फार होतात, बंधू."

"मी लाकडी वर्ष पुरं केलंय! आठव्या वर्षी! या खोऱ्यात ज्यांनी पहिल्याच खेपेला—"

"नाही केलंस," ओर्फा म्हणाली.

तिने हात एप्रनला पुसले, कोरडे होते तरी. "अकराव्या महिन्यात, ओसरीवर. तू माझ्यावर रोखलीस. बाबांना मी सांगितलं नाही. तुझा आवाज फार गोड होता रे, आणि मला वाटलं, देव ज्याच्या गळ्यात बसलाय तो कुणाला कसा मारील? मी म्हटलं, झालं. ते झालं नव्हतं, हर्शेल. शनिवारी पिंपातून गेली ती तुझी गोळी, पण तिची नळी माझ्या एका शब्दाने वळवली होती."

हर्शेल खुर्चीत बसला.

"पन्नास वर्षं?" तो म्हणाला.

"पन्नास."

"म्हणजे मी मारलेली सगळी हरणं…"

"हरणं मेलीच. त्यांना आता काही फरक पडत नाही."

ओडेलला हसू आलं, त्याने ते कांद्याच्या घासाबरोबर गिळलं. हर्शेल मात्र हसला नाही. त्याने नातीकडे पाहिलं. "आणि तू, टॅन्सी? शनिवारी, खरी गोळी सुटली तेव्हा… नळी कुणावर होती गं?"

टॅन्सीने डबा घट्ट धरला. "माझ्यावरून गेली होती. मी वाकलेच होते, आजोबा. दुसरी ओळ होती ना."

तिने ते इतक्या सहज सांगितलं की हर्शेलला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि ते तिथेच दाबून धरले, जणू उडून जातील. त्या हातांकडे त्याने पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

"वर्ष पुन्हा करायचं तर ही लाकडी चर्चमध्येही न्यावी लागेल?" त्याने विचारलं.

"बाबांनी तुला अंघोळीलाही खाली ठेवू दिली नव्हती."

संध्याकाळी ओर्फाने लुरीनला फोन केला. "टॅन्सी जाईल. खरी रायफल तिच्याकडे आणि माझ्याकडे. मी तिच्या बाजूला बसेन. हर्शेलही येतोय, त्याच्याकडे लाकडी."

"लाकडी?" लुरीन म्हणाली, हसली, आणि हसता हसता तिला नाक पुसावं लागलं.

शनिवारी पहाटे पेट्रोलपंपावर सगळं खोरं जमलं होतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी तिथे बिस्किट म्हणतात ते गरम, मऊ पाव आणि त्यावर खिम्याची पांढरी आमटी खाल्ल्याशिवाय कुणी डोंगर चढत नाही. नारिंगी जाकीट घातलेला उपदेशक खांद्यावर लाकडी बंदूक घेऊन आत आला तेव्हा चमचे थांबले.

"बंधू हर्शेल, आज वाळवीच्या शिकारीला का?"

"गोळ्या कसल्या घालता तिच्यात, बदामाच्या?"

"हसू नका रे," ओडेल कोपऱ्यातून म्हणाला. "या खोऱ्यात आज सुटणार नाही अशी बंदूक ती एकच आहे."

हर्शेलने कुणाला उत्तर दिलं नाही. रांगेत उभा राहताना त्याने नळी छताकडे धरली होती, आणि बिस्किटाचे पैसे देताना हात बदलायची वेळ आली तेव्हा पाच जणांना बाजूला व्हायची विनंती केली. त्याला तीन दिवस पुरे झाले होते. तीन दिवसांत तो एकदाही चुकला नव्हता, आणि हे तो ज्याला त्याला सांगतही होता.

उजाडताना तिघं ओढ्याच्या वरच्या अंगाला, पडलेल्या ओकच्या खोडामागे बसली. मध्ये टॅन्सी, उजवीकडे ओर्फा, डावीकडे थोडा मागे हर्शेल. डबा खोडावर ठेवलेला. गवतावर दंव पांढरं पडलं होतं आणि कुणाचा श्वास कुठला ते दिसत होतं.

सातच्या सुमाराला नर आला. आठ टोकांची शिंगं, मानेवर हिवाळ्याचे दाट केस. तो ओढ्यापलीकडे उभा राहिला, आडवा, मागे डोंगराची माती. यापेक्षा चांगला मोका लिक फोर्कमध्ये कुणाला मिळाला नसेल. टॅन्सीने रायफल खांद्याला लावली. ओर्फा पाहत होती: बोट बाहेर, नजर आधी हरणावर, मग हरणाच्या मागे. पोरगी नियम पाळत नव्हती, नियम तिच्या अंगात होते. कुणी शिकवले तिला? त्या आवाजानेच शिकवले, हेही खरं होतं, आणि ओर्फाने ते मनात नोंदवून ठेवलं, पुढे कधी भांडताना सांगायला.

आणि हर्शेलला राहवेना. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण आठ टोकं! त्याची लाकडी नळी वर आली, हरणाच्या दिशेने वळली, आणि वळताना टॅन्सीच्या पाठीवरून, वेण्यांवरून गेली.

टॅन्सीने ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

तिने हरणाकडे पाहिलं. हरणाने कान हलवला. वर्षभर ती याच क्षणाची वाट पाहत होती. घरी भिंतीवर शिंगांसाठी जागासुद्धा ठरली होती. तिने रायफल खाली घेतली, बोल्ट मागे ओढून ती उघडली, गोळी काढली, नळीत बघितलं, खिशात हात घातला.

टण.

पांढरी शेपटी वर झाली, आणि झुडपं हलून थांबली. ओढ्यापलीकडे फक्त डोंगर उरला.

"टॅन्सी!" हर्शेल उभा राहिला. "आठ टोकांचा होता गं! आठ!"

"माझ्या पाठीवरून गेली, आजोबा."

"अगं, पण लाकडाची आहे ती!"

शब्द तोंडातून निघाले, आणि थंडीत त्यांची वाफ तिघांच्या मध्ये थोडा वेळ राहिली. हर्शेल तिच्याकडे बघत राहिला. ओर्फाला एक अक्षर बोलावं लागलं नाही. मॅगझीन काढलं होतं म्हणणाऱ्या माणसाचा आवाज त्यानेच ऐकला होता, अगदी जवळून.

तो हळूच खाली बसला. लाकडी बंदूक त्याने उभी धरली, तोंड आभाळाकडे.

"तीन दिवस झाले होते," तो म्हणाला.

"हो," टॅन्सी म्हणाली.

"पुन्हा पहिल्यापासून."

"हो. मी बघेन, आजोबा. वर्षभर." तिचा ओठ थरथरला, हरणाचं दुःख आता पोचलं होतं. हर्शेलने तिला जवळ घेतलं, मोकळ्या हाताने. दुसरा त्याने हलवला नाही.

सूर्य खोऱ्यात उतरेपर्यंत ती तिघं तशीच बसली. आता हरीण येणार नव्हतं, त्यामुळे गप्प राहायचं कारणही नव्हतं. हर्शेलने अगदी हलक्या आवाजात पहिली ओळ दिली. डोळे उघडे, हात जागच्या जागी. हातांविना तो आवाज ओर्फाने कधी ऐकला नव्हता. तो जरा कापत होता, वाट शोधत होता, आणि तिला वाटलं, देवाला आता त्यात बसायला जास्त जागा आहे. तिने ओळ उचलली. टॅन्सीनेही उचलली, नाक ओढत.

मग हर्शेलने दुसरी ओळ दिली. टॅन्सी वाकली नाही.